विद्युत् कर्षण पुरवठा, खानदेशातील

इगतपुरी–भुसावळ लोहमार्गावर व त्याच्या शाखांवर आगगाड्या ओढण्यासाठी उच्च दाबाची वीज तारेतून घेऊन तिचे एंजिनातच कमी दाबाच्या, उपयोगाच्या प्रवाहात रूपांतर करण्याची व्यवस्था. या व्यवस्थेचा इतिहास हा मुख्यतः रूपांतराचे साहित्य लहान करीत नेण्याचा इतिहास आहे. आरंभी जे काम लोहमार्गालगतच्या इमारतींत होत असे ते पुढे एंजिनात आले आणि त्यातील काही भाग अखेर हाताच्या तळव्याएवढ्या फलकावर मावू लागला.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा थळ घाटातून जाणारा मार्ग १८६५ मध्ये खुला झाला आणि चाळीसगाव, पाचोरा, जळगाव व भुसावळ ही गावे मुंबईशी जोडली गेली. चाळीसगाव–धुळे ही सु. ५६ किमी. लांबीची शाखा १९०० मध्ये सुरू झाली. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेवर चालणारी पहिली गाडी धावली. तिच्यासाठी १,५०० व्होल्ट दाबाचा एकदिश (एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह योजिला होता. १९३० मध्ये या पद्धतीचे विद्युतीकरण इगतपुरीपर्यंत पोहोचले आणि तेथेच थांबले. पुढे सु. ३०० किमी. अंतर, म्हणजे भुसावळपर्यंत, गाड्या अनेक वर्षे वाफेच्या एंजिनांनीच ओढल्या जात होत्या.

एकदिश पद्धतीत दाब कमी असल्याने प्रवाह फार मोठा लागतो. २,४०० किलोवॉट शक्तीसाठी १,५०० व्होल्टला १,६०० अँपिअर प्रवाह लागतो, तर २५,००० व्होल्टला, शक्तिगुणक व हानी सोडून दिल्यास, १०० अँपिअरही पुरेसा होतो. यामुळे पहिल्या पद्धतीत तांब्याच्या जाड तारा व जवळजवळ उभारलेली उपकेंद्रे आवश्यक असतात. फ्रान्समधील अनुभव विचारात घेऊन भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये २५ किलोव्होल्ट, ५० हर्ट्‌झ, एककला प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहाची पद्धत स्वीकारली. १९६०–७० या दशकाच्या अखेरीस इगतपुरी–भुसावळ मार्गाचे विद्युतीकरण याच पद्धतीने झाले. भुसावळ येथे विद्युत् एंजिनांची शेड व त्यांच्या नियतकालिक दुरुस्तीचा कारखाना उभा राहिला.

दोन पद्धतींची सीमा : इगतपुरी हे अशा रीतीने दोन पद्धतींचे मीलनस्थान बनले. येथे एंजिन बदलल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नसे. त्यात जाणारा वेळ वाचविण्यासाठी दोन्ही प्रकारच्या पुरवठ्यावर चालणारी एंजिने तयार करण्यात आली. त्यांपैकी डब्ल्यूसीएएम-१ हे १९७५ पासून पश्चिम रेल्वेसाठी बांधण्यात आले, तर मध्य रेल्वेवर १९९७ पासून डब्ल्यूसीएएम-३ एंजिने आली. अशा एंजिनाला एकदिश तारेखाली चालताना आपले रोहित्र (विद्युत् दाब बदलणारे साधन) निरुपयोगी ओझे म्हणून वाहून न्यावे लागते. पुढे मुंबईकडील विभाग टप्प्याटप्प्याने २५ किलोव्होल्टवर आणण्यात आले. २०१६ मध्ये मुंबईच्या उपनगरी मार्गांवरील एकदिश पुरवठा संपूर्ण बंद झाला आणि ही सीमा नाहीशी झाली.

एंजिनातील रूपांतर : प्रत्यावर्ती पद्धतीत उपकेंद्राचे काम सोपे झाले, मात्र रूपांतराचा भार एंजिनावर आला. छपरावरील पँटोग्राफने घेतलेला २५ किलोव्होल्ट दाब रोहित्राने कमी केला जातो व नंतर एकदिशकारक (प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करणारे साधन) त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतो. १९५९ मध्ये भारतात आलेल्या डब्ल्यूएएम-१ एंजिनांत पाऱ्याचा वापर करणारे इग्निट्रॉन हे एकदिशकारक होते. ते अवजड असून त्यांचे तापमान काटेकोरपणे राखावे लागे आणि धक्क्यांचाही त्यांना त्रास होई. सिलिकॉन या अर्धसंवाहकाच्या एकदिशकारकांनी ही अडचण दूर केली. चित्तरंजन येथे १९७०–७१ पासून तयार झालेल्या व भुसावळच्या शेडमध्येही दीर्घकाळ असलेल्या डब्ल्यूएएम-४ एंजिनात ३२ टप्प्यांचा दाब-बदलक, सिलिकॉन एकदिशकारक आणि ७५० व्होल्टची सहा कर्षण चलित्रे होती.

याशिवाय नियंत्रण मंडलांसाठी ११० व्होल्ट एकदिश पुरवठा व त्याला जोडलेली घटमाला असते. लगतच्या उपकेंद्रांचे विभाग वेगवेगळ्या कलांवर असल्यामुळे त्यांच्यामध्ये तारेचा एक निर्विद्युत् तुकडा ठेवतात. तो ओलांडताना चालक मुख्य मंडल-खंडक उघडतो आणि गाडी गतीच्या जोरावर पुढे जाते. या काळात नियंत्रण घटमालेवरच अवलंबून असते.

द्विध्रुवी पुरवठा : १९९५–९६ पासून आलेल्या त्रिकला एंजिनांत चलित्रांचे नियमन इलेक्ट्रॉनीय परिवर्तकांनी होते. गतिरोधन करताना चलित्रे जनित्रांप्रमाणे वागतात व वीज तारेत परत जाते. म्हणून प्रवाह मोजणाऱ्या हॉल परिणामावरील संवेदकाला दोन्ही दिशांचे मापन करावे लागते. त्याचा संकेत शून्याच्या वर व खाली जातो. यासाठी सामाईक शून्य अग्राच्या सापेक्ष धन व ऋण असे समान दाब, उदा., +१५ व –१५ व्होल्ट, पुरवावे लागतात.

२५ किलोव्होल्टपासून इतका कमी दाब एकाच पायरीत मिळविणे व्यवहार्य नसते. उच्च दाबाच्या व कमी दाबाच्या भागांत पुरेसे निरोधक अंतर ठेवावे लागते आणि साधनाचा आकार बहुतांशी या अंतरावरून ठरतो. म्हणून मुख्य रोहित्राने व घटमालेच्या भारकाने आधी ११० व्होल्ट एकदिश दाब मिळवितात. मग ट्रँझिस्टराने तो सेकंदाला हजारो वेळा तोडून फेराइट गाभ्याच्या छोट्या रोहित्राला देतात. कंप्रता जितकी जास्त तितका त्याच शक्तीसाठी गाभा लहान पुरतो. या रोहित्राच्या दुय्यम गुंडाळीचा मध्यबिंदू हा शून्य अग्र मानतात. तिच्या दोन टोकांपासून एकदिशकारक व धारित्रे यांच्या साहाय्याने धन व ऋण पुरवठा मिळतो. दोन्ही बाजूंवरील भार असमान झाला तरी दाब ढळू नयेत म्हणून प्रत्येक बाजूस स्वतंत्र नियामक ठेवणे श्रेयस्कर ठरते.

खानदेशात या संचांची कसोटी उन्हाळ्यात लागते. जळगाव–भुसावळ परिसरात तापमान ४५° से. च्या आसपास जाते व बंदिस्त कपाटात ते आणखी वाढते. विद्युत् विच्छेद्य धारित्राचे आयुष्य तापमान दर १०° से. ने वाढल्यास साधारणतः निम्मे होते. आकार कमी केला की उष्णता बाहेर टाकणारे पृष्ठफळही घटते. धन किंवा ऋण यांपैकी एक बाजू खचल्यास संवेदकाचे वाचन चुकते आणि संरक्षक यंत्रणा कर्षण तोडते. अशा वेळी काही वॉटांचा संच हजारो टनांची मालगाडी वाटेत उभी करू शकतो व तिच्यामागील गाड्या अडकतात. यामुळे लहान संचाच्या अभिकल्पात आकारापेक्षा शीतन, निरोधन व घटकांची राखीव क्षमता यांना अधिक महत्त्व द्यावे लागते.

धुळे शाखेचेही विद्युतीकरण झाले असून २०२१ मध्ये चाळीसगाव–धुळे दरम्यान मेमू (स्वयंचलित विद्युत् डब्यांची) गाडी सुरू झाली.