यकृताचे वण आणि रक्ताची साक्ष

यकृत हा शरीरातील मोठा सोशीक अवयव. त्यात मेद साचला, दाह होऊन वण पडू लागले, तरी वर्षानुवर्षे तो कुरकुरत नाही; तक्रार ऐकू येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. या मुक्याला बोलते कसे करावे, हा वैद्यकापुढील जुना प्रश्न आहे.

पहिले उत्तर सुईचे होते. १८८३ साली जर्मनीत पॉल एर्लिक यांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी रोग्याच्या यकृतात सुई घातली. १९५८ मध्ये इटलीच्या मेंघिनी यांनी ती क्रिया एका सेकंदावर आणली. तथापि सुईला लागणारा तुकडा साऱ्या यकृताचा सुमारे पन्नासहजारावा अंश. शितावरून भाताची परीक्षा खरी. परंतु येथे भात सर्वत्र सारखा शिजलेला नसतो. शिवाय रक्तस्रावाचे भय आहेच.

१९८० साली अमेरिकेत लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की मद्याला न शिवणाऱ्यांचे यकृतही मद्यप्याच्या यकृतासारखे मेदाने व दाहाने बिघडते. पुढे असे रोगी इतके आढळले, की प्रत्येकाला सुई टोचणे अशक्य झाले.

एस.जी.ओ.टी. व एस.जी.पी.टी. ही द्रव्ये रक्तात मोजण्याची रीत १९५५ च्या सुमारासच रूढ होऊ लागली होती. पण ती आजची इजा सांगतात, जुने वण नव्हे. वण पडलेल्या यकृतातही त्यांचे आकडे निर्दोष असू शकतात. २००६ मध्ये स्टर्लिंग व सहकाऱ्यांनी त्यांना वय व प्लेटलेटांची जोड दिली. वणांमुळे यकृतातील रक्तप्रवाह अडला, की प्लीहा फुगते व प्लेटलेट अडकवून ठेवते. त्यांची घट हीच वणांची चाहूल. हा ‘फिब-४’ अंक प्रथम काविळीच्या ‘सी’ विषाणूबरोबर एच.आय.व्ही.ही असलेल्या रोग्यांसाठी होता. मेदग्रस्त यकृताकडे तो नंतर आला.

रीत सोपी आहे. वयाला एस.जी.ओ.टी.ने गुणावे, प्लेटलेटांच्या हजारांतील संख्येला एस.जी.पी.टी.च्या वर्गमुळाने गुणून त्याने भागावे. वय ५०, एस.जी.ओ.टी. ४०, एस.जी.पी.टी. ६४, प्लेटलेट अडीच लाख, उत्तर १. तेच प्लेटलेट एक लाख असतील, तर उत्तर २.५. अंक १.३ च्या खाली असल्यास गंभीर वणांची शक्यता अल्प, २.६७ च्या वर असल्यास दाट. मधल्यांनी पुढील तपासणी करावी. पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात.

श्रोतेहो, हा अंक साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. निकाल वैद्यांनीच द्यावयाचा. परंतु आपल्या कपाटातील जुन्या अहवालांत हे आकडे बहुधा पडूनच असतात. एकदा ते वैद्यांपुढे ठेवून ही बेरीज-वजाबाकी करून घ्यावी. वण वेळीच कळले, तर वजन उतरवून पुष्कळदा ते मागेही हटविता येतात.