वेठ, उचल आणि कायदा

आजचा विषय कायद्याचा असला तरी सुरुवात एका शब्दापासून करू. बांधकामावर मिस्त्रीच्या हाताखाली जो माल कालवतो, विटा वाहतो, त्याला आपण सगळेच ‘बिगारी’ म्हणतो. थेरगाव, वाकड, ताथवडे, पुनावळे या पट्ट्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे टॉवर उभे राहिले, ते बिगाऱ्याच्या घमेल्यातूनच वर गेले. त्याला रोज मिळतो, म्हणजे तो काही फुकट राबत नाही. पण शब्द आला आहे फारसी ‘बेगार’ वरून, आणि बेगार म्हणजे सक्तीने, मोबदला न देता करून घेतलेलं काम. आपला ‘वेठ’ हा शब्द तर त्याहून जुना. संस्कृत ‘विष्टि’ वरून तो आला आणि विष्टीचा उल्लेख कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही सापडतो. व्यवस्था बदलली तरी तिचा शब्द कामगाराच्या अंगाला चिकटून राहिला.

मराठेशाहीतल्या इनामपत्रांत माफ केलेल्या पट्ट्यांची आणि बाबींची यादी असते, तीत ‘वेठबेगार’ हीही एक बाब असते. हे लक्षात घेण्यासारखं आहे. म्हणजे वेठ हा त्या काळी जुलूम समजला जात नव्हता, राज्याचं ते एक येणं होतं. ज्याला माफी मिळाली तो सुटला, बाकीच्यांनी ते भरायचं, पैशात नव्हे तर अंगमेहनतीत. इंग्रज आले तेव्हा त्यांनी ही रीत मोडली असं शाळेत आम्हाला शिकवलं गेलं होतं. प्रत्यक्षात त्यांनी ती कागदावर नीट मांडली, आणि वर स्वतःचीही एक भर घातली.

ही भर म्हणजे १८५९ चा तेरावा कायदा, कामगारांच्या करारभंगाचा. आरंभी तो कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांसाठी होता, पुढे इतरत्रही लागू झाला. कायदा सांगतो असं: कारागिराने किंवा मजुराने मालकाकडून आगाऊ पैसे घेतले आणि काम केलं नाही, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जावं. मॅजिस्ट्रेट मजुराला पैसे परत करायला किंवा काम पुरं करायला सांगेल, आणि ते ऐकलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद. आता करार मोडला तर एरवी काय होतं? दिवाणी दावा होतो, नुकसानभरपाई मागितली जाते. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याशी केलेला करार मोडला तर कोणी तुरुंगात जात नाही. मजुराने मोडला तर मात्र गुन्हा. पुढच्याच वर्षी, १८६० साली, भारतीय दंडसंहिता झाली. तिच्यात ३७४ वं कलम होतं, की कोणाकडून त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदा काम करून घेतलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा. आणि त्याच संहितेत ४९२ वं कलमही होतं: मालकाच्या खर्चाने दूरच्या ठिकाणी नेलेला नोकर काम सोडून गेला तर त्यालाच शिक्षा. एकाच पुस्तकात दोन्ही. ४९२ वं कलम आणि १८५९ चा कायदा, दोन्ही १९२५ च्या कायद्याने रद्द झाले. ३७४ वं टिकलं, आणि आज ते भारतीय न्याय संहितेत १४६ व्या क्रमांकावर आहे.

या पासष्ट-सहासष्ट वर्षांत कायद्याच्या नजरेत उचल म्हणजे मजुराने दिलेलं वचन होतं. वचन मोडणारा दोषी. उचल घेताना त्याच्या घरात दाणा होता की नव्हता, हा प्रश्न कायद्याला पडतच नव्हता. आम्ही आयुष्यभर वर्गात ‘संमती’ या कल्पनेवर बोलत आलो. पण संमतीचा खरा इतिहास शिकायचा असेल तर या कलमांसारखं पुस्तक नाही, असं आमचं मत आहे.

आता दुसऱ्या बाजूला वळू, गावाकडे. १८७४ चा मुंबई इलाख्याचा वतन कायदा. पाटील, कुलकर्णी यांच्याबरोबर कनिष्ठ वतनंही यात आली, त्यांत महार वतन. सरकारी टपाल पोचवायचं, खजिन्याबरोबर चालायचं, रयतेला चावडीवर बोलवायचं, कोणी साहेब आला की दिमतीला उभं राहायचं. मोबदल्यात थोडी इनाम जमीन आणि रयतेकडून मिळेल ते बलुतं. जमीन पिढ्यान् पिढ्या वाटली जाऊन तिचे तुकडे झाले, काम मात्र तेवढंच राहिलं. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनं खालसा करून जमिनी रयतावा करून दिल्या. ब्रिटिश मुलखात मात्र तसं काही झालं नाही. मार्च १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. वतनदाराला हवं तर चाकरीतून मोकळं होता आलं पाहिजे, जमीन पूर्ण सारा भरून त्याच्याकडे राहिली पाहिजे, आणि बलुत्याच्या जागी रोख मेहनताना आला पाहिजे. भाषणात त्यांनी एक गोष्ट आग्रहाने दाखवून दिली. वतनदार हजर नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी कामाला जावं लागे. चाकरी एकाची, राबणार सगळं घर. ही गोष्ट ध्यानात ठेवा, आपल्याला ती आणखी दोनदा भेटणार आहे.

ते विधेयक १९२९ साली मागे घ्यावं लागलं. कनिष्ठ गावकी वतनं कायद्याने संपायला १९५८-५९ उजाडलं. त्या जमिनी वतनदारांना परत मिळाल्या त्या अटींसह, कलेक्टरच्या परवानगीशिवाय न विकण्याच्या. आपल्या पुणे जिल्ह्यात जमिनीचे व्यवहार करणाऱ्यांना सातबाऱ्यावरची वतनाची नोंद आणि ‘भोगवटादार वर्ग २’ हे शब्द चांगलेच परिचित आहेत. त्या शेऱ्याच्या मागे वेठीचा इतिहास आहे, एवढंच इथे सांगायचं.

दुसरी भेट ठाणे जिल्ह्यात. डहाणू, उंबरगाव, तलासरीचा वारली मुलूख. तिथे जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणं ही रोजची गोष्ट होती, आणि त्याहून वाईट म्हणजे ‘लग्नगडी’. लग्नासाठी सावकाराकडून काही रुपये घ्यायचे आणि त्या कर्जापोटी नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं, बहुतेक वेळा जन्मभर. फेडलेल्या रकमेचा हिशेब सावकाराच्या वहीत, आणि वारल्याला अक्षरओळख नाही. म्हणजे पुन्हा तेच. कर्ज एकाने घेतलं, पण बाई सासरी पाऊल टाकते ती थेट सावकाराच्या अंगणात. सिमिंग्टन नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने १९३९ च्या सुमारास आदिवासींच्या स्थितीवर अहवाल दिला, त्यात या वेठीचं वर्णन आहे. तेव्हा सरकारला माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. ३७४ वं कलम तर ऐंशी वर्षं पुस्तकात होतंच.

वेठ थांबली ती १९४५ साली. शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेचं काम घेऊन तिथे गेले. २३ मे १९४५ ला झरी गावात वारल्यांची मोठी सभा झाली आणि फुकट राबणार नाही असा निर्धार झाला. त्यानंतर गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक अनेकांनी वाचलं असेल. कायद्याच्या अभ्यासकांना आम्ही ते नेहमी सुचवतो, कारण कलम पुस्तकात असणं आणि ते लागू होणं यांत किती अंतर असतं ते त्यात दिसतं.

मग संविधान. अनुच्छेद २३: माणसांचा व्यापार, बिगार आणि तशाच प्रकारची सक्तीची मजुरी यांना मनाई. ‘बिगार’ हा शब्दच इंग्रजी मसुद्यात आला, त्याला इंग्रजी पर्याय शोधत बसले नाहीत. याचं एक वैशिष्ट्य असं, की बहुतेक मूलभूत हक्क सरकारविरुद्ध आहेत, हा मात्र खाजगी मालकाविरुद्धही आहे. असं का, याचं उत्तर बाबासाहेबांच्या १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात सापडतं. तिथे ते विचारतात त्याचा आशय असा: बेकार माणसासमोर नोकरी ठेवली आणि सांगितलं, की कामाचे तास ठरलेले नाहीत, संघटनेत जायचं नाही, तर तो काय निवडेल? उपाशी माणूस हक्क सोडेल आणि काम घेईल. त्याच्या स्वातंत्र्यावर सरकारने हात टाकलेला नसतो, तो टाकलेला असतो मालकाने, आणि भुकेने.

पुढची पंचवीस वर्षं अनुच्छेद होता पण त्याला दात नव्हते. दात आले ते आणीबाणीत, २४ ऑक्टोबर १९७५ च्या अध्यादेशाने, त्याचा पुढे १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा झाला. विनाचौकशी हजारो लोक तुरुंगात असताना बांधलेल्या मजुरांना मोकळं करणारा वटहुकूम निघाला. इतिहासात असं होतं, आणि म्हणून कायद्याला कमी लेखायचं कारण नाही. आमच्या मते मजुरांविषयीच्या आपल्या कायद्यांत इतकी नेमकी व्याख्या दुसरी क्वचितच असेल. कलम २ वाचा. उचल स्वतः घेतलेली असो वा बापजाद्यांनी, रूढीने आलेलं बंधन असो, विशिष्ट जातीत जन्मल्यामुळे आलेलं असो. काम तो स्वतः करो वा घरातल्या कोणाकडून होवो. आणि त्यापायी मजुरी नाममात्र असेल, किंवा दुसरीकडे काम धरता येत नसेल, किंवा हवं तिथे जाता येत नसेल, तर ती वेठबिगारी. बापजादे, जात, घरचे. वतन आणि लग्नगडी, दोन्ही त्या एका वाक्यात आले. असं कर्ज कायद्याने आपोआप बुडतं. आणि कलम १५ म्हणतं, मजुराने हे वेठीचं कर्ज आहे असं सांगितलं, तर ते तसं नाही हे सावकाराने सिद्ध करायचं. १८५९ चं पारडं इथे पुरतं उलटलं. वसई तालुक्यात दहिसर गावापासून विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९८२ च्या सुमारास श्रमजीवी संघटनेचं जे काम सुरू केलं, ते याच कायद्याच्या आधारावर उभं राहिलं.

त्याच वर्षी दिल्लीत एशियाड होतं. बांधकामावरच्या मजुरांची किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे, पण जमादार दर मजुरामागे रुपया कापून घेत आणि हातात ८ रुपये २५ पैसे पडत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सने न्यायमूर्ती भगवतींना पत्र पाठवलं, तीच याचिका झाली. निकालात न्यायालयाने म्हटलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांवर माणूस काम करतो तो कसल्या तरी बळजबरीमुळेच. ही बळजबरी काठीची असेल, कायद्याची असेल, नाहीतर भुकेची आणि गरिबीची. आणि असं काम अनुच्छेद २३ च्या अर्थाने सक्तीची मजुरीच आहे. एका रुपयाच्या कपातीवरून संविधानाचा अर्थ उलगडला.

आता आपल्या भागाकडे. १९८५ साली १९७६ च्या कायद्यात एक स्पष्टीकरण घातलं गेलं. कंत्राटी कामगार आणि परराज्यातून आलेला कामगारही या अटींत बसत असेल तर तो वेठबिगारच. भोसरी, चाकण, तळवड्याच्या वर्कशॉपमध्ये ठेकेदारामार्फत आलेल्या मुलांना हे सांगणारं कोणी भेटत नाही. ठेकेदाराने मूळ कागदपत्रं किंवा एटीएम कार्ड ‘सुरक्षित’ ठेवून घेतलं, की ‘हवं तिथे जाता येणं’ संपलं. मारहाण व्हावीच लागते असं नाही. आणि चार नव्या श्रमसंहितांत एकोणतीस कायदे गेले, त्यांत हा गेला नाही. तो वेगळा आणि पूर्ण शाबूत आहे, असा आमचा काही तरुण वकिलांना आवर्जून निरोप असतो.

तिसरी भेट उसाच्या फडात. बीडकडून दर हंगामाला माणसं निघतात ती मुकादमाकडून उचल घेऊन, आणि मोजली जातात ‘कोयत्या’ने. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल ठरते पुरुषाशी, अंगठा त्याचा, आणि पहाटे चारला मोळ्या बांधायला बाईही उभी असते. तिची संमती कोणी विचारली? उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर जाते. याला सरसकट वेठबिगारी म्हणावं असं आमचं म्हणणं नाही. नुसती उचल म्हणजे वेठ नव्हे. मध्येच फड सोडून त्या जोडप्याला घरी किंवा दुसऱ्या कामावर जाता येतं का, ही कायद्याची कसोटी आहे आणि ती प्रत्येक टोळीला वेगळी लावावी लागते. लावायची कोणी? जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असावी असं कलम १३ सांगतं. मुक्ततेचा दाखला महसुली अधिकाऱ्याने द्यायचा. केंद्राच्या योजनेत पुरुषाला १ लाख, बायका-मुलांना २ लाख, अतिशय गंभीर प्रकरणांत ३ लाखांपर्यंत पुनर्वसन आहे, पण तातडीचे ३०,००० सोडले तर बाकीची रक्कम मालकाला शिक्षा होण्याशी जोडली आहे. खटला लांबला की मजूर पुन्हा उचल घेतो, बहुधा त्याच मुकादमाकडून. आमच्या मते ही अट काढायला हवी, आणि ती काढायला संसदेत जावं लागत नाही, योजना प्रशासकीय आहे.

कलम २ आणि कलम १५ यांच्या मराठी प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ठेकेदारीत काम करणारे काही जण आज सभागृहात आहेत, पहिले प्रश्न त्यांचे घेऊ.