पाणी किती फुटांवर?

स्मरणिकेच्या संपादकांनी आमच्याकडे मंडळाचा इतिहास मागितला नाही, हे एका परीने बरेच झाले. तो कार्यवाहांच्या वृत्तांतात सालांसह आणि ठरावांसह येईलच. आमच्या वाट्यास आलेला विषय निराळा आहे आणि आनेकल परिसरातील आपणा सर्वांच्या घरांतून तो कधी ना कधी येऊन गेलेला आहे. गावाकडे पूर आला, वादळ झाले, तर त्याची खबर आपल्यापर्यंत कशी पोचत आली? वृत्तपत्रांत पुराचा वृत्तांत येतो, मृतांचा आकडा येतो, मंत्र्यांचा दौरा येतो. पण साडेसहाशे किलोमीटरवर बसलेल्या लेकीला हवे असते ते एकच वाक्य, आणि ते नेमके कोणत्याही वृत्तपत्रात छापलेले नसते.

मागे वळून पाहिले तर ही खबर किती सावकाश चालत असे, याचा आज विश्वास बसू नये. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्यास महिनाही उरला नसताना, रामदास नावाची आगबोट सकाळी आठच्या सुमारास मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काशाच्या खडकाजवळ खवळलेल्या समुद्रात बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. मुंबई तेथून डोळ्यांना दिसत होती. परंतु मुंबईस ही वार्ता कळली ती पोहून किनाऱ्यास लागलेल्या माणसांच्या तोंडून, दुपार उलटल्यावर. धक्क्यावरून निरोप देऊन परतलेली माणसे तोवर आपापल्या कामास लागली होती. कोकणातील जुन्या पिढीच्या घरांत बोटीने निघालेला माणूस पोचल्याचे पत्र येईपर्यंत कोणी गोडधोड करीत नसे, असे आमच्या ऐकण्यात आहे. ती रीत का पडली, हे अशा दिवसांवरून समजते.

पानशेतची कथा आपणांपैकी पुणेकरांस सांगावयास नको. तरी खबरीच्या दृष्टीने ती पुन्हा पाहण्यासारखी आहे. आंबी नदीवरील हे मातीचे धरण पुरते बांधून झालेलेही नव्हते. ११ जुलै १९६१ च्या रात्री धरणावर सैनिक वाळूची पोती रचीत होते, आणि त्याच वेळी खाली पुण्यात बहुसंख्य लोक नित्याप्रमाणे निजले होते. १२ जुलैच्या सकाळी सातच्या सुमारास धरण फुटले. ते पाणी खडकवासल्यास येऊन थडकले आणि १८७९ साली पुरे झालेले तेही जुने धरण दुपारी गेले. मुठेकाठच्या पेठांतून आणि डेक्कनवर पाणी शिरले, लकडी पूल पाण्याखाली गेला. वीज गेली. खडकवासल्याचा साठाच वाहून गेल्यामुळे नळ कोरडे पडले, आणि शहरभर पूर येऊन गेलेल्या पुण्यास पेशवाईतील कात्रजच्या पाण्याची आठवण झाली.

फुटण्याच्या क्षणापासून पुण्याच्या वस्तीत पाणी येईपर्यंत काही तास हाताशी होते. त्या तासांत खबर कोणापर्यंत कशी पोचली, यावर कोण काय घेऊन घराबाहेर पडले हे ठरले. कोणी गाडीवरून पुकारलेली सूचना ऐकली, कोणास शेजाऱ्याने दार ठोठावून सांगितले, आणि कित्येकांनी ‘धरण फुटणे म्हणजे काय, नदीला थोडे पाणी चढेल’ म्हणून चहा ठेवला. पूर ओसरल्यावर लगेचच ‘पुन्हा पाणी आले’ अशी आवई उठली आणि आदल्या दिवशी ज्यांनी खऱ्या सूचनेवर विश्वास ठेवला नव्हता तेच या खोट्या आवईवर जीव घेऊन पर्वतीच्या दिशेने पळाले. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती बावडेकर यांचे चौकशी चालू असतानाच निधन झाले. न्यायमूर्ती नाईक यांनी ती पुरी केली. धरण का फुटले, याचा ऊहापोह पुष्कळ झाला. लोकांस वेळेवर का सांगितले गेले नाही, हा प्रश्न आमच्या मते अधिक जिव्हाळ्याचा आहे. पुणेकर अजूनही तो विचारतात.

मंडळ स्थापन झाले त्या काळातील साधने म्हणजे तार, ट्रंक कॉल आणि आंतर्देशीय पत्र. तारवाला दारात उभा राहिला की तार फोडण्याआधीच घरात रडारड सुरू होई, म्हणून गावाकडची शहाणी माणसे ‘सर्व कुशल’ एवढ्यासाठी तार करीत नसत आणि पत्रच पाठवीत. परिणाम असा, की कुशल असल्याची बातमी नेहमीच वाईट बातमीच्या मागून येई. ट्रंक कॉल लागला तरी निम्मी मिनिटे ‘ऐकू येते का’ यातच जात. असो. पुढे घरोघर दूरध्वनी आले, मग खिशात आले, आणि आता हा प्रश्न कायमचा मिटला असे आपण धरून चाललो.

तो मिटला नव्हता हे २००५ च्या जुलैने दाखविले. २६ तारखेपासूनच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच मुंबईत कुलाब्यास तो शंभराच्याही आत राहिला. एका टोकास माणसे गळ्याएवढ्या पाण्यातून चालत होती आणि दुसऱ्या टोकास कचेऱ्या सुटण्याची वाट पाहत होती; भ्रमणध्वनी मुके झाल्याने एकाचे दुसऱ्यास कळेना. बंगळूरहून केलेला फोन तर लागण्याचा प्रश्नच नव्हता. सर्व देशाचे कान मुंबईकडे लागलेले असताना महाड तालुक्यात जुई, दासगाव या गावांवर डोंगर कोसळले होते, आणि ती वार्ता बाहेर पडण्यास आणखी वेळ लागला. मोठ्या शहराच्या आवाजाखाली लहान गाव कसे दबते, याचे इतके कठोर उदाहरण आम्हांस दुसरे ठाऊक नाही.

आता २०१९ च्या ऑगस्टविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तो पूर आपल्या मंडळाचा म्हणावा इतका आपल्या घरांत आला होता. आपल्या सभासदांत सांगली, मिरज, कोल्हापूर, इचलकरंजी, शिरोळ या बाजूची कुटुंबे पुष्कळ. चंदापूर-अत्तिबेलेवरून आपल्या दारासमोरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग हाच पुढे तुमकूर, हुबळी, बेळगाव, निपाणी, कागल करीत कोल्हापुरास पोचतो. गणपतीस आणि मे महिन्यात आपण याच रस्त्याने जातो. नागपंचमी ५ ऑगस्टला होती. त्याच सुमारास कोल्हापूरजवळ शिरोली येथे पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि रस्ता जवळजवळ आठवडाभर बंद राहिला. मालमोटारींच्या रांगा मैलोगणती उभ्या होत्या. मुंबईकरांस पूर कळला तो गोकुळचे दूध येईना तेव्हा, असे एक कोल्हापूरकर सभासद त्या दिवसांत जरा कडवटपणे म्हणत. आम्ही त्यांस दोष देत नाही.

सांगलीकरास आपण ‘पाऊस कसा आहे’ असे विचारीत नाही. ‘आयर्विनला पाणी किती फुटांवर?’ असे विचारतो. १९२९ साली खुल्या झालेल्या त्या पुलाजवळच्या पाण्याची पातळी हीच तेथील पुराची भाषा आहे. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. आणि प्रत्येक घरास आपल्या उंबऱ्याचा आकडा पाठ असतो. कोल्हापूरकर त्याच रीतीने राजाराम बंधाऱ्याचा आकडा विचारतात. २००५ साली आयर्विनला पाणी ५३ फूट ९ इंचांवर गेले होते आणि जुन्या माणसांनी भिंतींवर खुणा करून ठेवल्या होत्या. २०१९ साली ते ५७ फुटांच्याही वर गेले. ज्या घरांनी ‘पंचेचाळीसला आपल्या अंगणात येते, घरात येत नाही’ असा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब धरला होता, त्यांचा सारा हिशेबच पाण्याखाली गेला. २००५ ची खूण ज्यांनी शेवटची मानली ते मजल्यावर सामान नेऊन बसले, आणि मग होडीची वाट पाहत राहिले. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे माणसे सोडविणारी बोट उलटली आणि सतरा जीव गेले.

त्या आठवड्यात मंडळाच्या एका सभासदांच्या घरी एक साधी शंभर पानी वही उघडण्यात आली. ज्याला गावाकडून काही कळेल त्याने ते फोनवर सांगावे आणि वहीत उतरून घ्यावे, एवढीच व्यवस्था. रकाने चार : गाव, घराणे, सांगणारा कोण, आणि त्याने कधी पाहिले. चौथा रकाना एका निवृत्त टपाल कर्मचाऱ्यांनी सुचविला, आणि सर्वांत उपयोगी तोच ठरला. पत्रावर तारीख असते. हातोहात फिरणाऱ्या निरोपावर नसते. कालचा होडीतला फोटो आज पुन्हा येतो आणि ज्यांची सुटका कालच झाली त्यांच्यासाठी आज पुन्हा धावाधाव होते. ‘कोयना फुटली’ ही आवई त्या दिवसांत दोनदा येऊन गेली. वहीत ती नोंदली गेली नाही, कारण चौथ्या रकान्यात लिहिण्यासारखे कोणापाशी काही नव्हते.

वही चाळताना आजही लक्ष थांबते ते अशा नोंदींवर : हरिपूरच्या एका वृद्ध आत्याबाई शाळेत सुखरूप, चष्मा घरी राहिला आहे. शिरोळकडील एका घरातील दोन म्हशी सोडून दिल्या, पैकी एक परत आली. एका भगिनींस आपल्या आईवडिलांविषयी तीन दिवस काहीच कळले नव्हते. चौथ्या दिवशी खबर आली ती आईच्या शेजारणीच्या जावयाकडून, तोही आपल्याच तालुक्यात जिगणीस कारखान्यात नोकरीस होता आणि मंडळात कधी आला नव्हता. तेव्हापासून तो मंडळाचा सभासद आहे.

एक गंमतही सांगितली पाहिजे. त्या दिवसांत गावाकडचे नातलग आम्हांस फोनवर खडसावीत, “तुमचं सरकार अलमट्टीचे दरवाजे का उघडत नाही?” कर्नाटकात राहतो म्हणून धरणाची किल्ली जणू आमच्या खुंटीला होती. अलमट्टीतून तेव्हा चार लाख क्युसेकांहून अधिक पाणी सोडले जात होते, हे आम्ही इकडच्या कन्नड वृत्तपत्रांत वाचून तिकडे सांगितले तरी ते पटत नसे. पुढे महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० साली आपला अहवाल दिला आणि २०१९ च्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. ती चर्चा त्यानेही संपली नाही, पण निदान आमच्यावरचा राग उतरला.

पुढल्याच वर्षी कोकणाची पाळी आली. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. बंदरावरचा बावटा पाहून होड्या आधीच ओढून घेतल्या होत्या, माणसे हलविली होती. त्यामुळे मनुष्यहानी कमी झाली. वेळेवर दिलेल्या खबरीचे हे फळ मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु वादळ येण्याआधीची खबर जितकी चोख, तितकी नंतरची मुकी. विजेचे खांब आणि भ्रमणध्वनीचे मनोरे आडवे झाले. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीकडील गावे दिवसेंदिवस अंधारात होती, काही गावे आठवडे. सर्वत्र साथीचा काळ. महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्यास सात दिवस सरकारी विलगीकरणात राहावे लागे, म्हणून एकदा गेलेला माणूस सहज परतू शकत नव्हता. आपल्या कोकणस्थ घरांत त्या आठवड्यात माणसे फोन हातात घेऊन बसून होती.

खबर आली ती जुन्याच वाटेने. गावातील एखादा मुलगा दुचाकीवरून माणगाव किंवा महाडकडे रेंज मिळेल तेथवर यायचा. खिशात गावातल्या वीस-पंचवीस घरांचे क्रमांक लिहिलेला कागद. तो एकेकास फोन लावी आणि तेच वाक्य म्हणे, “सगळी बरी आहेत, वाडी गेली.” या दोन शब्दांचा अर्थ इकडच्या मुलांस समजावून द्यावा लागला. पोफळ किंवा माड आज लावला तर फळास येईपर्यंत कित्येक वर्षे जातात. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्या वाड्यांतून येते त्या आजोबांनी लावलेल्या, वडिलांनी शिंपलेल्या. कौले पुन्हा घालता येतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने पोफळीची रोपे लावावयाची ती कोणासाठी, हा प्रश्न तेव्हा आपल्या कित्येक घरांत फोनवरून बोलला गेला, आणि काही घरांत त्याचे उत्तर म्हणून इकडची नोकरी सोडून जाण्याच्या गोष्टीही निघाल्या. एक कुटुंब खरोखरच गेले. त्यांची वर्गणी मात्र अजून दरसाल येते.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली, तेव्हा ती वही पुन्हा काढावी लागली. तळियेची वार्ता बाहेर येण्यास पुन्हा उशीर झाला होता. जुई-दासगावनंतर सोळा वर्षांनी, तोच तालुका. याहून अधिक लिहिण्याची आमची इच्छा नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये मात्र गोष्ट उलटली. ४ तारखेच्या रात्रीच्या पावसाने बंगळूरच्या पूर्वेची तळी एकापाठोपाठ एक भरून वाहू लागली, सर्जापूर रस्त्यावरील वसाहतींत पाणी शिरले आणि संगणक कंपन्यांतील माणसे ट्रॅक्टरवर बसून कामावर जाताना साऱ्या देशाने पाहिली. आपल्या सभासदांपैकी काहींच्या तळघरात मोटारी बुडाल्या. दोन कुटुंबे चार दिवस दुसऱ्या सभासदांकडे राहिली. त्या सकाळपासून फोन येऊ लागले ते सांगलीहून, शिरोळहून, श्रीवर्धनहून. हरिपूरच्या त्याच आत्याबाई, आता नव्या चष्म्यासह, पहिल्या होत्या. त्यांनी आपल्या रिवाजाप्रमाणे विचारले, “पाणी किती फुटांवर आहे?” येथे नदी नाही, पूल नाही, आकडा कशावर मोजावा हे त्यांस सांगता येईना. शेवटी त्यांच्या भाच्याने खिडकीतून खाली पाहिले आणि सांगितले, की शेजाऱ्याच्या मोटारीचे आरसे अजून दिसताहेत. आत्याबाईंनी ते तेथल्या वहीत लिहून घेतले की नाही, ठाऊक नाही. संध्याकाळी मात्र त्यांनी पुन्हा फोन करून आरशांची चौकशी केली.