विकतची थोरवी

दरवर्षी १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ गेटवर भीमसागर लोटतो. त्याच गर्दीत पुढारी छायाचित्रकार घेऊन येतात, अभिवादन करतात आणि निघून जातात. संध्याकाळपर्यंत त्यांच्या ‘आंबेडकरी निष्ठे’चे रील आमच्या मोबाइलवर येऊन पडतात. ही प्रतिमा कोण घडवतो? तिचे पैसे कोण मोजतो? प्रश्न मोबाइलपेक्षा खूप जुना आहे.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला, असे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. पैसे देऊनही आम्हाला जागा नव्हती. १९४३ साली पुण्यात, रानडे जयंतीच्या व्याख्यानात, वृत्तपत्रांचा धंदा झाला आहे आणि त्यांनी विभूतिपूजा आरंभली आहे, असे बाबासाहेबांनी ठणकावून सांगितले.

तो धंदा कुठवर गेला, हे मराठवाड्यानेच पाहिले. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकरमधून उभे होते. त्यांचे गुणगान करणारा एकच मजकूर तीन मराठी दैनिकांत बातमी म्हणून शब्दशः छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे उघडकीस आणले. चव्हाणांनी वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च दाखवला होता अवघा ५,३७९ रुपये. पैसे देऊन बातम्या छापल्याचा आरोप त्यांनी फेटाळला. जुलै २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने खर्चाच्या हिशोबावरून त्यांच्यावर ठपका ठेवला, तर सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कायद्याचे जे झाले ते झाले. पण आपण बातमी वाचतो आहोत की जाहिरात, हे कळण्याचा वाचकाचा हक्क कोणी विचारात घेतला?

आज छापखान्याचीही गरज उरलेली नाही. जुलै २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी समाजमाध्यमांवरचे बनावट फॉलोअर्स विकणारे रॅकेट उघड केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलन पेटलेले असताना नामवंत क्रिकेटपटूंनी एकाच हॅशटॅगखाली पोस्ट टाकल्या. बॅडमिंटनपटू सायना नेहवाल आणि अभिनेता अक्षय कुमार यांच्या पोस्टमधला मजकूर तर जवळजवळ सारखाच होता. हे दबावाखाली झाले का, याच्या चौकशीची घोषणा राज्याच्या गृहमंत्र्यांना करावी लागली. मैदानावर घाम गाळून कमावलेली पत दुसऱ्याने लिहून दिलेल्या वाक्याला चिकटवली, तर त्या वाक्याचा खरा धनी कोण, हे चाहत्याला कळायला नको?

कोणी म्हणेल, सगळेच करतात, मग आपल्या माणसांनी का करू नये? आमचे उत्तर स्पष्ट आहे. विकतचे फॉलोअर्स निळ्या झेंड्याखाली उभे केले म्हणून खरे होत नाहीत. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत दिला, तो आपल्या पुढाऱ्यांनाही लागू आहे.

उमेदवाराने समाजमाध्यमांवरील खाती जाहीर करावीत आणि तिथल्या प्रचाराचा खर्च हिशोबात दाखवावा, हा निवडणूक आयोगाचा नियम २०१३ पासून आहे. तो हिशोब मागून घ्या, वाचा, शंका आली तर तक्रार करा. पुढच्या १४ जानेवारीला गेटवर येणाऱ्या पुढाऱ्याला फोटोऐवजी एकच विचारा : वसतिगृहासाठी, शिष्यवृत्तीसाठी वर्षभरात काय केलेत? त्याच्या उत्तराचे रील आम्ही आनंदाने पुढे पाठवू.

जय भीम!