खेळात परतावेत असे यक्ष, नाग आणि वानर

कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा आणि टेबलाभोवती जमलेले चार-पाच सवंगडी एवढ्या साहित्यावर रोल प्लेइंग गेम, अर्थात भूमिका-खेळ रंगतो. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग उभा करतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने निर्णय घेतात आणि तो तडीस गेला की फसला, हे फासा ठरवितो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून या प्रकाराची सुरुवात मानली जाते. पात्र घडविताना खेळाडूला त्याची प्रजाती निवडावी लागते. मानव, एल्फ, ड्वार्फ ही त्यातील नेहमीची नावे. भारतीय परंपरेतील यक्ष, नाग, वानर आणि राक्षस यांना मात्र या यादीत कायमचे स्थान मिळालेले नाही. खानदेश आणि त्याच्या सीमेवरील लेणी, शिल्पे व लोकपरंपरा पाहिल्या, तर या पात्रांच्या ठायी केवढे नाट्य दडले आहे, याची कल्पना येते.

आधी शत्रू, मग नायक

ही पात्रे खेळात आली ती बहुतांशी मारण्याजोगे प्राणी म्हणून. राक्षसाचा प्रवेश १९७५ मध्ये झाला. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या ग्रंथातील चित्राने त्याला वाघाचे डोके आणि हाती पाईप दिला. पुढे तेच रूप रूढ झाले. त्याच ग्रंथात नाग हा मानवी मुखाचा सर्प म्हणून अवतरला. खेळाडूने स्वतः वठवावयाची प्रजाती म्हणून वानर आले ते २००१ च्या ‘ओरिएंटल अ‍ॅडव्हेंचर्स’मध्ये. ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या लोकप्रिय खेळाने २०१२ मध्ये वानर, विषकन्या आणि नागांनी निर्माण केलेले ‘नागाजी’ यांना स्थान दिले. तथापि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ व २०२४ च्या मूळ खेळाडू-पुस्तिकांत यांपैकी एकही नाही.

खेळण्याजोग्या प्रजातीला केवळ सामर्थ्य असून भागत नाही. तिला एखादे बंधन हवे आणि ते पाळावे की मोडावे, हा पेचही हवा. या कसोटीवर पुढील पात्रे विशेष उतरतात.

नाग : विष असूनही न डसणारा

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात चंपेय्य जातकाची कथा चितारलेली आहे. नागलोकीच्या वैभवाला विटलेला नागराजा व्रतस्थ होऊन वारुळावर पडून राहतो. गारुडी त्याला पकडतो आणि वाराणसीच्या राजापुढे नाचवितो. जवळ जहाल विष असूनही व्रतभंग नको म्हणून नागराजा ते वापरीत नाही. अखेर त्याची राणी राजाकडे याचना करून त्याची सुटका करविते. एकोणिसाव्या लेण्याबाहेर तर नागराजा राणीसह राजेशाही थाटात बसलेला कोरला आहे. सर्प आणि मानव अशी दोन रूपे, संहारक विष आणि ते न वापरण्याचे व्रत, एवढ्यावर एक संपूर्ण पात्र उभे राहते.

वानर : देहाचा पूल करणारा

सतराव्या लेण्यातील महाकपी जातकात वानरराज आपल्या कळपाला धनुर्धाऱ्यांपासून वाचविण्यासाठी स्वतःच्या देहाचाच पूल करतो. खेळाच्या पुस्तकांतील वानर चपळ, खोडकर आणि झाडावर चढण्यात पटाईत असतो. अजिंठ्याचा वानर त्याशिवाय कळपाचा धनी आहे. सोबत्यांना सोडून पळणे त्याला वर्ज्य ठरविले, तर प्रत्येक माघारीच्या प्रसंगी खेळाडूची परीक्षा होईल.

यक्ष : कर्तव्यात चुकलेला रक्षक

चाळीसगावच्या दक्षिणेकडील डोंगरांत, गौताळा अभयारण्यात पितळखोरे लेणी आहेत. येथे सापडलेली बुटक्या, हसऱ्या यक्षाची मूर्ती आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविल्याचा लेख मूर्तीवर आहे. यक्ष हे धन, वृक्ष आणि जलाशय यांचे रक्षक. महाभारतातील यक्ष उत्तराविना पाणी पिऊ देत नाही, तर कालिदासाच्या ‘मेघदूता’तील यक्ष कर्तव्यात कसूर केल्याने वर्षभराचा वनवास भोगतो. गुप्त धन ओळखता यावे, पण त्यातील कवडीही स्वतःसाठी घेता येऊ नये, असा हद्दपार रक्षक खजिन्याच्या मोहिमेत किती रंगत आणील, हे सांगणे नलगे.

किन्नर : पंखांचे गायक

आजच्या व्यवहारात हा शब्द तृतीयपंथीयांसाठी वापरला जातो. येथे अभिप्रेत आहेत ते अर्धे मानव व अर्धे पक्षी असलेले पौराणिक गायक. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या चित्रात ते वाद्ये वाजविताना दिसतात. शस्त्रापेक्षा सूर हेच ज्याचे साधन, अशा पात्रासाठी ही प्रजाती जणू तयारच आहे.

राक्षस : दोन कुळांचा वारस

एरंडोल तालुक्यातील पद्मालयाजवळ भीमाने बकासुराचा वध केला, अशी आख्यायिका आहे. अजिंठ्याच्या पश्चिमेस, सिल्लोड तालुक्यातील जंजाळा गावाजवळच्या बौद्ध लेण्यांना मात्र लोकांनी भीमाच्याच राक्षसपुत्राचे, घटोत्कचाचे नाव दिले. मायावी शक्ती, रात्री वाढणारे बळ आणि पित्याच्या कुळासाठी रणात देह ठेवण्याची निष्ठा हे त्याचे विशेष. ‘आई राक्षसी, बाप मानव’ हा वारसा खेळाडूला आपण कोणाचे, हा प्रश्न अखेरपर्यंत विचारीत राहतो.

वाघाच्या मुखवट्याचा मात्र पुनर्विचार व्हावयास हवा. धुळे जिल्ह्यातील साक्रीच्या पश्चिमेकडे, डांगच्या सीमेलगतच्या आदिवासी पट्ट्यात वाघदेव हा गुराढोरांचा राखणदार मानला जातो. कपटी खलनायकाचे तोंड म्हणून तेच रूप मिरविणे या भागातील श्रद्धेशी विसंगत ठरते.

जपावयाची एक गोष्ट

जुन्या पुस्तकांत प्रजातीसाठी ‘रेस’, म्हणजे वंश हा शब्द होता. एखादा समूह जन्मतःच दुष्ट ठरविण्यावर बरीच टीका झाल्यानंतर २०२४ च्या आवृत्तीत त्याऐवजी ‘स्पीशीज’ हा शब्द आला. हा इशारा खानदेशाला अधिकच लागू पडतो. राक्षस म्हणजे रानात राहणारे लोक, असे चित्र रंगविले, तर त्याची झळ सातपुडा व सह्याद्रीतील भिल्ल, पावरा, कोकणा या समाजांना बसते. नाशिक, पालघरच्या आदिवासी भागांतील बोहाड्यात देव आणि दैत्य या दोघांचीही सोंगे गावकरीच घेतात. मुखवटा कोणताही असो, आत आपल्यातलाच माणूस असतो, हे भान खेळातही राहावयास हवे.

सुरुवात करू इच्छिणाऱ्यांना नव्या पुस्तकाची गरज नाही. सूत्रधाराच्या संमतीने नवी प्रजाती आणण्यास या खेळांत मुभा असते. प्रत्येक प्रजातीला एक सामर्थ्य, एक बंधन आणि एक जुने ऋण एवढे लिहून घेतले, तरी पहिल्या बैठकीला पुरते. मूळ चित्रे पाहावयाची असल्यास जळगावहून अजिंठा सुमारे ६० किलोमीटरवर आहे. लेणी सोमवारी बंद असतात.