भूकंप : महत्ता आणि मनुष्यहानी

भूकंपातील मनुष्यहानी त्याच्या महत्तेच्या प्रमाणात होत नाही. भूगर्भातील नाभीपाशी मोकळ्या झालेल्या ऊर्जेवरून महत्ता ठरते. एका भूकंपाला ती एकच असते. तीव्रता म्हणजे एखाद्या ठिकाणी प्रत्यक्ष बसलेला हादरा. तो गावागणिक बदलतो.

महत्ता एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे 32 पट होते. 12 जानेवारी 2010 रोजी हैतीत 7.0 महत्तेचा भूकंप होऊन लाखाहून अधिक माणसे दगावल्याचे अंदाज आहेत. त्याच वर्षी 27 फेब्रुवारीला चिलीत झालेल्या 8.8 महत्तेच्या भूकंपाची ऊर्जा याच्या सुमारे पाचशेपट होती. बळी गेले ते सुमारे 525. हैतीतील नाभी उथळ आणि राजधानीपासून जवळ होती, चिलीतील किनाऱ्यापलीकडे समुद्राखाली. शिवाय वारंवारच्या भूकंपांमुळे चिलीत बांधकामाचे नियम कडक होते. हैतीत ते जवळजवळ नव्हतेच.

नाभीची खोली, वस्तीपासूनचे अंतर आणि जमिनीचा प्रकार यांवर हादरा अवलंबून असतो. 1985 मध्ये साडेतीनशे किलोमीटरांवरील भूकंपाने मेक्सिको शहरात हजारो बळी घेतले, कारण शहराचा बराच भाग जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर वसलेला असून त्या थरात कंपने वाढली. जपानमध्ये 2011 साली बहुतेक मृत्यू घरे कोसळून नव्हे, तर त्सुनामीत बुडून झाले.

मात्र जमिनीवर बहुतेक बळी पडत्या घरांचे असतात. डिसेंबर 2003 मध्ये चार दिवसांच्या अंतराने जवळपास सारख्याच महत्तेचे दोन भूकंप झाले. कॅलिफोर्नियातील सॅन सिमिऑन भागात दोन माणसे मृत्युमुखी पडली. इराणमधील बाम शहरात कच्च्या विटांची घरे पहाटे झोपलेल्या माणसांवर कोसळून 26 हजारांच्या आसपास बळी गेले.

महाराष्ट्रातही असेच घडले. 11 डिसेंबर 1967 रोजी कोयनेच्या डोंगराळ, विरळ वस्तीच्या भागात सुमारे 6.3 महत्तेच्या भूकंपाने 180 च्या आसपास बळी घेतले. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी (जि. लातूर) परिसरात 6.2 महत्तेचा भूकंप झाला, तेव्हा लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे दगावली. गावे दाट होती, नाभी उथळ होती आणि लोक झोपेत होते. घरांच्या जाड भिंती ओबडधोबड दगड मातीत रचून उभारलेल्या, वर माळवदाचा भार. भिंतीचे आतले व बाहेरचे थर सांधणारे लांब दगड नसल्याने ते अलग होऊन ढासळले आणि माळवद खाली आले.

किल्लारी तेव्हा देशाच्या भूकंपनकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात मोडत होते. 2002 च्या सुधारित भारतीय मानकात पहिले क्षेत्र रद्द झाले आणि किल्लारीचा समावेश तिसऱ्या क्षेत्रात करण्यात आला.