मगनवाडीतील ख्रिस्ती चिटणीस

डिसेंबर १९३४मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा, विलायतेत हिशेबतपासनीसाचे शिक्षण घेतलेले तमिळ ख्रिस्ती, वर्ध्याच्या मगनवाडीत तेलघाणी, हातकागद आणि मधमाश्यांच्या पेट्या यांच्या व्यापात राहत. पण सत्याग्रह ख्रिस्ती शिकवणुकीस विसंगत ठरविणाऱ्या बिशप वेस्टकॉट यांस त्यांनी त्यापूर्वीच लेखी खडसावले होते. राजनिष्ठा हीच धर्मनिष्ठा मानणाऱ्या मिशनऱ्यांस तो उद्धटपणा वाटला असल्यास नवल नाही.

वर्ध्याजवळच्या सेगावात गांधीजींचे चिटणीसपद सांभाळणाऱ्या, कुमारप्पांप्रमाणेच ख्रिस्ती घराण्यातील राजकुमारी अमृत कौर यांनी धर्मनिहाय स्वतंत्र मतदारसंघांस विरोध केला आणि १९४७ साली त्या आरोग्यमंत्री झाल्या. कुमारप्पांनी मात्र मंत्रिपद न घेता, स्वराज्याच्या सरकारवरही, माझ्या मते अधिकच कडवटपणे, टीका चालू ठेवली.